मानेतली शीळ आणि चांगुणामावशींचा धवला

अठ्ठावीस वर्षं मी अंधाऱ्या खोलीत बसून माणसांच्या मानेतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकला. एवढं सांगितलं की समोरचा माणूस जरा मागे सरकतो, म्हणून आधी काम काय ते सांगते. मी रेडिऑलॉजिस्ट. पनवेलला, वडाळे तळ्याच्या बाजूला, औषधाच्या एका दुकानावर, माझं दोन खोल्यांचं सोनोग्राफी केंद्र होतं. पोटाच्या आणि गरोदरपणाच्या तपासण्या सगळेच करतात, मीही केल्या. पण आवडीचं काम विचाराल तर मानेचं डॉपलर. दोन वर्षांपूर्वी केंद्र बंद केलं.

हा लेख गेल्या दिवाळीतच कबूल केला होता. तेव्हा वाटलं होतं, पाच-सहा किस्से सांगावेत आणि मोकळं व्हावं. पण ज्यांचा किस्सा सर्वांत मोठा होणार होता, त्या चांगुणामावशी माघात गेल्या. त्यानंतर रोज चार ओळी, कधी तेवढ्याही नाहीत, असं लिहीत आले आहे. त्यामुळे यात किस्से कमी आणि त्याच जास्त आहेत.

मावशी जवळच्याच विचुंबे गावच्या. धवलारीण होत्या. ज्यांनी आगरी लग्न पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: हळद दळण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत त्या लग्नात प्रत्येक विधीचं एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो म्हटला नाही तर विधी झाला असं कुणी मानत नाही. तो म्हणणारी बाई ती धवलारीण. ती एक ओळ म्हणते आणि थांबते. भोवती बसलेल्या बायका ती ओळ उचलतात, फिरवून म्हणतात, मग ती पुढची ओळ देते. याला त्या ‘ओळ झेलणं’ म्हणतात. हे थांबणं आणि झेलणं लक्षात ठेवावं, कारण पुढे सगळं त्यावरच येणार आहे.

आता मान. जबड्याच्या कोनाखाली एका बाजूला दोन बोटं हलकेच ठेवली की ठोका लागतो. दोन्ही बाजूंना एकदम दाबून पाहू नये, तेवढं मात्र ऐका. छातीतून वर आलेली मोठी रक्तवाहिनी तिथे दुभंगते. एक फाटा चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. उजवीकडे तसंच, डावीकडे तसंच. लोक तिला नळ समजतात, पण ती नळ नव्हे. तिला आतून एक जिवंत अस्तर असतं. गरज पडेल तसं ते वाहिनीला सैल करतं, आवळतं, आणि रक्ताला भिंतीशी चिकटू देत नाही. तंबाखू, साखर, वाढलेला रक्तदाब आणि वय, यांनी ते अस्तर दुखावतं. वाहिनी ताठ होते. दुखावलेल्या जागी चरबी मुरते, मग चुना धरतो, आणि वाट अरुंद होत जाते.

बहुतेकांना वाटतं, वाट बंद झाली की मेंदू उपाशी राहतो. तसंही घडतं, पण बाकीच्या वाहिन्या पुष्कळदा सांभाळून घेतात. खरी भीती वेगळी आहे. त्या खरबरीत थरावर रक्ताची गुठळी धरते किंवा थराचाच कपचा निघतो, आणि तो प्रवाहाबरोबर वर मेंदूत जातो. वर वाहिन्या बारीक बारीक होत गेलेल्या असतात. कुठेतरी तो अडकतो. लगेच विरघळला तर माणूस पाच-दहा मिनिटांत होता तसा होतो. नाही विरघळला तर लकवा.

माझं यंत्र आवाजाच्या लहरी आत सोडतं आणि रक्ताकडून परत येणाऱ्या लहरींवरून त्याचा वेग सांगतं. बागेतल्या पाइपचं तोंड बोटानं दाबलं की पाणी जोरात उडतं, तसं अरुंद जागी रक्त धावतं. यंत्राला स्पीकर असतो. पुष्कळ डॉक्टर तो बंद ठेवतात. मी चालू ठेवत असे. निरोगी मानेचा आवाज फुंकर घातल्यासारखा, हुश्श, हुश्श. अरुंद मानेची शीळ वाजते. पेशंटनं स्वतःची शीळ स्वतः ऐकावी असा माझा आग्रह असे, कारण शीळ ऐकलेला माणूस गोळ्या चुकवत नाही.

नाना तऱ्हेची माणसं आली. खारघरचे एक निवृत्त ड्राफ्ट्समन दर वर्षी मागचा रिपोर्ट आणि फूटपट्टी घेऊन येत. एकदा म्हणाले, “मॅडम, गेल्या वर्षी पंचेचाळीस टक्के अरुंद, यंदा पन्नास. हे पाच कुठून आले? आमच्या नकाशात पाचाचा फरक चालत नसे.” मी म्हटलं, तुमचा नकाशा श्वास घेत नसे. दोन दिवशी दोन हातांनी मोजलं की एवढा फरक पडतोच, आणि अरुंद वाट असलेली कितीतरी माणसं काही न होता म्हातारी होतात. तुम्ही सिगारेट तेवढी सोडा. त्यांनी ती सोडली. फूटपट्टी सोडली नाही.

बाजारातले एक सलूनवाले होते. दाढी झाल्यावर गिऱ्हाइकाची मान धरून दोन्हीकडे कडकन मोडून द्यायची ही त्यांची खासियत. वाहिनीच्या अस्तराला अशा झटक्यानं चीर जाऊ शकते, हे मी त्यांना त्यांच्याच मानेचं चित्र दाखवून सांगितलं. त्यांनी तेव्हापासून चाळिशीपुढच्या माणसाची मान मोडणं बंद केलं, त्यासाठी आधी वय विचारायला लागले, आणि केस काळे करून बसलेली निम्मी गिऱ्हाइकं रागावून समोरच्या दुकानात गेली. त्याबद्दल ते मला अजून ऐकवतात.

एक गोष्ट हसत सांगण्यासारखी नाही. नवीन पनवेलचे एक शिक्षक. उजव्या डोळ्यासमोर पाच मिनिटं पडदा आल्यासारखं झालं आणि गेलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते डॉक्टर हुशार, त्यांनी मानेची तपासणी करायला माझ्याकडे धाडलं. उजवी बाजू फार अरुंद होती. मी तसं लिहिलं, इंग्रजीत, अचूक शब्दांत. त्या दिवशी गर्दी होती. रिपोर्ट पाकिटात घालून बाहेरच्या मुलीनं त्यांना दिला. शिस्तीचे गृहस्थ, रविवारी पुण्याहून मुलगी येईल, तिला दाखवू, म्हणून त्यांनी पाकीट कपाटात नीट ठेवलं. शनिवारी सकाळी त्यांची डावी बाजू गेली. पुढे ते चाकाच्या खुर्चीतून माझ्याकडे दुसऱ्या बाजूच्या तपासणीला आले. रिपोर्ट बरोबर होता. नुसत्या बरोबर रिपोर्टानं कुणाचं भलं होत नाही, हे मी तिथे शिकले.

त्यानंतर मानेचा एकही रिपोर्ट मी पाकिटातून दिला नाही. पेशंटजवळ स्टुलावर बसायचं, हातानं वाहिनीचं चित्र काढायचं, आवाज ऐकवायचा, त्यांच्या डॉक्टरांना त्यांच्यासमोर फोन करायचा. बाहेर थांबलेले लोक कंटाळत. “आत बाईंचं कीर्तन चाललंय,” असं म्हणत. चालू दे म्हणत असे मी.

चांगुणामावशी आल्या त्या पोटासाठी. नऊ वर्षं झाली त्याला. वय बहात्तर, नऊवारी, दातांना मिशरीचा काळा रंग, आणि आत येताच “एसी बंद कर, बाय, मी काय मासली हाय?” हे पहिलं वाक्य. बरोबर सून सुनंदा. पित्ताशयात खडे होते, त्यांची काही घाई नव्हती. मी प्रोब, यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग, पुसत होते तेव्हा सुनंदा हसत म्हणाली, “मॅडम, यात नजर पण दिसते का ओ? आईंना रविवारी हळदीत नजर लागलीय.”

मी सहज विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं ते असं. शेजारच्या गावात हळद होती. मावशींनी धवल्याची ओळ दिली आणि थांबल्या. बायकांनी ओळ झेलली. मावशींनी पुढची ओळ दिली नाही. बायकांनी तीच पुन्हा म्हटली. मग पुन्हा. मावशी आज रंगात आहेत, सगळ्यांना घोळवून म्हणायला लावताहेत, असं वाटून बायका आणखी जोरात म्हणू लागल्या. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. शेजारी बसलेल्या सुनंदानं तेवढं पाहिलं, की उजव्या मुठीतले तांदूळ मांडीवर सांडलेत आणि सासूबाईंचं तोंड हलतंय, पण त्यातून “मीठ, मीठ” एवढंच येतंय. दहा-बारा मिनिटांनी मावशींनी पदर सावरला आणि पुढची ओळ दिली, जणू मधे काही झालंच नाही. घरी आल्यावर मीठ-मिरच्या उतरून टाकल्या.

मी ऐकतच राहिले. एक बाई दहा मिनिटं वाचा गेलेल्या अवस्थेत शंभर माणसांत बसली होती, आणि तिच्याच गाण्याच्या रीतीनं ते झाकून टाकलं होतं.

“काय नाय गो,” मावशी म्हणाल्या. “उपाशी व्हते. दहा मिंटांत उतरलं.”

‘उतरलं’ या शब्दाची मला अठ्ठावीस वर्षं भीती वाटत आली. सूज उतरते, ताप उतरतो. हे उतरत नाही, पुढे मोठं काही येणार हे सांगून जातं. उजवा हात आणि बोलणं दोन्ही एकदम गेलं, म्हणजे मेंदूची डावी बाजू. म्हणजे डावी मान पाहायला हवी. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच हो म्हटलं. डाव्या मानेवर प्रोब ठेवला आणि खोलीत शीळ वाजली. वाटेचा जेमतेम चौथा हिस्सा उघडा होता.

सुनंदाला वाटलं, बाहेर कुठे कुकर झाला. मावशींनी मात्र मान न हलवता डोळे मिटून ऐकलं. “ही उघाडी हाय,” त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर उरणकडचं, मिठागरातलं. खाडीचं पाणी आगरात घ्यायला बांधात जी झडप असते ती उघाडी. तिच्या तोंडाशी चिखल साचला की पाणी असंच शिट्टी घालत आत येतं, आणि पोरवयात ती शिट्टी ऐकू आली की बापाला हाक मारायचं काम त्यांच्याकडे होतं. मी चित्र काढून दाखवलं: ही वाहिनी, हा फाटा, इथे साचलंय. आणि मग नेहमीच्या सवयीनं, इथेच का साचतं ते सांगायला तोंड उघडलं. त्यांनी मला थांबवलं.

“फाट्यावंच बसनार ना. पानी वळतं तिथं सुस्त व्हतं. सुस्त पान्यात रेंदा बसतो. धावत्या पान्यात कवा बसलाय?”

आमच्या पुस्तकात हे समजावायला दोन पानं आणि एक गणित आहे. ते पाठ करून मी परीक्षा दिली होती. त्या दिवसापासून केंद्र बंद होईपर्यंत मी प्रत्येक पेशंटला मावशींचंच वाक्य सांगितलं.

“मंग?” त्या म्हणाल्या. “माझा बा फावड्यानं काढी. तुमच्यात काय करतात?”

आमच्यातही तेच करतात. मानेला छेद घेऊन, वाहिनी उघडून, सर्जन तो थर खरवडून काढतात आणि वाहिनी पुन्हा शिवतात. सगळ्यांनाच ते लागत नाही. पण एकदा असा इशारा मिळाला आणि वाट एवढी अरुंद असली, तर पहिले पंधरा दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्यातले पाच गेले होते. आणि त्या दिवसापासून बाराव्या दिवशी मावशींच्या नातीचं, प्राजक्ताचं, लग्न होतं. सुनंदाची ती एकुलती एक. तिचा धवला आजीनं म्हणायचा हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. लग्न झालं की बघू, असं सांगून मावशी उठल्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सुरू केली, तेवढं एक झालं.

मी रात्रभर त्या शिक्षकांचं पाकीट आठवत राहिले. दुसऱ्या दिवशी केंद्र बंद ठेवून विचुंब्याला गेले. पेशंटच्या घरी जायची ती माझी पहिलीच वेळ. बंगल्यासमोर मांडवाचे खांब उभे राहत होते. मावशींचा मुलगा रमेश, रेती-खडीचा धंदा करणारा, खुर्ची आणून म्हणाला, “मॅडम, दहा-बारा दिवसांचा प्रश्न हाय. आई आता चांगली चालते-बोलते. मांडव घातलेला मोडायचा का?” ओटीवरच्या बायकांनीही मान डोलावली. माणूस समोर सुपारी कातरत बसलेला असताना त्याला वाचवायचं आहे हे पटवणं, यासारखं अवघड काम आमच्या धंद्यात दुसरं नाही.

मावशींनी बाकी काही विचारलं नाही. एकच विचारलं. “मानेवं कापल्यावं आवाज जाईल का?”

इथे खोटं बोलणं सोपं होतं. त्या जागेजवळून स्वरयंत्राची नस जाते. ती दुखावली तर आवाज घोगरा होतो, बहुतेकदा काही दिवस, क्वचित कायमचा. शिवाय या ऑपरेशनमध्ये, ते चालू असतानाच, लकवा व्हायचा थोडा धोकाही असतो. मी दोन्ही सांगितलं. मग म्हटलं, “मावशी, ऑपरेशननं गेला तर आवाज जाईल. लकवा आला तर शब्द जातील. रविवारी गेले होते ना, तसे. आणि ते परत येतील याची खात्री नाही.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. त्या दहा मिनिटांत आत काय झालं होतं, हे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. “ओळ समोर दिसं गो. नवरीसारखी उभी. पन तोंडाला गावं नाय.” मग सुनंदाकडे वळून म्हणाल्या, “घोगऱ्या आवाजाचा धवला चालतो. बिनशब्दांचा नाय. बोलाव गाडी.”

रमेश काहीतरी बोलू लागला. त्याला त्यांनी मांडवाकडे हाकललं. माझ्याकडे एकच मागणं केलं: ऑपरेशन मुंबईच्या हॉस्पिटलात होणार, तिथे ओळखीचं कुणी नाही, तेव्हा आत मी त्यांच्याजवळ असावं. मी हो म्हणून बसले. पाहणारी म्हणून आत उभं राहायची परवानगी सर्जननी मला दिली, हा त्यांचा मोठेपणा.

मंगळवारी ऑपरेशन ठरलं. त्याआधीचे दोन दिवस मावशी हॉस्पिटलच्या खाटेवर बसून सुनंदाला धवले शिकवत होत्या. न जाणो, म्हणून. मी वही पुढे केली तर ती त्यांनी परत ढकलली. “लिवलास का तोंडाला काम राहत नाय.” सुनंदा ओळ विसरली की त्या रागावत, आणि झेलायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मला झेलायला लावत. माझा गळा अगदी सामान्य. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी कान झाकून घेतले होते.

हे ऑपरेशन पूर्ण भूल देऊन करता येतं, किंवा फक्त मान बधिर करून, पेशंटला जागं ठेवून. आमच्या सर्जनना दुसरी पद्धत पसंत. वाहिनी उघडायची तर तिच्यातून जाणारं रक्त काही वेळ चिमट्यानं बंद करावं लागतं. तेवढा वेळ मेंदूची ती बाजू इतर वाहिन्यांवर भागवते. भागतंय की नाही हे कळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे पेशंटला बोलतं ठेवणं. बोलणं अडखळलं की लगेच एक छोटी नळी घालून रक्ताला तात्पुरती वाट द्यायची. उजव्या हातात लहान मुलांचं रबरी बदक देतात. ते दाबलं की वाजतं. बदक वाजतंय आणि माणूस बोलतोय, म्हणजे सगळं ठीक.

मानेला पिवळं-तपकिरी औषध फासलं तेव्हा मावशी म्हणाल्या, “हळद लावली का?” भूलतज्ज्ञ बाईंनी आकडे मोजायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, आकडे कंटाळवाणे, त्यापेक्षा गाणं म्हणते. एरवी, शिकवणं सोडून, मांडवाबाहेर धवला म्हणू नये, पण हळद लागलीच आहे तर चालेल. सर्जन हसून म्हणाले, म्हणा.

चिमटा लागला. मी त्यांच्या डोक्याशी, पडद्याच्या अलीकडे, उभी होते. त्यांनी बारीक आवाजात सुरुवात केली. एक-दोन ओळी सरळ गेल्या. गाण्याच्या ठेक्यावर बदकही वाजत होतं. मग त्यांनी म्हटलं,

“खाडीच्या पान्या हलू ये, नवरी नाहाया बसली…”

आणि थांबल्या. बदक थांबलं.

सर्जनचा हात थांबला. भूलतज्ज्ञ बाई वाकून म्हणाल्या, “आजी, बदक दाबा. आजी, ऐकू येतंय?” उत्तर नाही. डोळे उघडे, छताकडे लागलेले. सर्जननी नळी मागितली. पाकीट फाटल्याचा आवाज आला.

ती थांबायची जागा होती. मला ते ठाऊक होतं. पण त्या हळदीतही त्या थांबायच्याच जागी थांबल्या होत्या, आणि शंभर बायकांना त्यात वावगं दिसलं नव्हतं. ओळ झेलायची वाट पाहत आहेत, की शब्द गेलेत? तोवरचा सगळा अनुभव, सगळी पुस्तकं, काही म्हणजे काही उपयोगाचं नव्हतं. ते ओळखायची एकच रीत होती. मी तोंडावरच्या मास्कमधून, सगळ्यांसमोर, गायले.

“हलू ये गो हलू ये, नवरी नाहाया बसली…”

मी ओळ संपवली. एक श्वास गेला. मग बदक वाजलं, आणि मावशींनी पुढची ओळ घेतली.

ती ओळ देऊन झाल्यावर, गाण्याच्याच आवाजात, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “उशीर केलास. ओळ पडली असती.”

सर्जननी नळी बाजूला ठेवायला सांगितलं. पुढचा सगळा वेळ आम्ही दोघींनी ते गाणं म्हटलं, मी दर वेळी वेळेवर. वाहिनीतून निघालेला थर नंतर वाटीत ठेवून मला दाखवला. पिवळट, कणीदार, आणि एका जागी खड्डा पडून त्यात काळपट गुठळी अजून लोंबत होती. ती पुढच्या कुठल्या दिवशी सुटली असती ते सांगता येत नाही. मावशींनीही वाटी पाहायला मागितली. “रेंदाच हाय,” म्हणाल्या आणि झोपल्या.

आवाज घोगरा झालाच. लग्नात सुनंदानं धवले म्हटले आणि मावशी मानेला मफलर गुंडाळून शेजारी बसल्या, चुकेल तिथे कोपरानं ढोसत. न्हाणाचा एक मात्र त्यांनी स्वतः म्हटला. दोन-तीन महिन्यांत आवाज पुष्कळसा सुधारला, वरच्या पट्टीत मात्र पुन्हा कधी गेला नाही. मिशरी सोडायला लावली त्याबद्दल त्यांनी मला वर्षभर शिव्या दिल्या. केंद्र होतं तोवर दर वर्षी तपासणीला येत, डावी-उजवी दोन्ही ऐकत, आणि “पानी साफ हाय” असा निकाल स्वतःच देऊन उठत.

नऊ वर्षं. एवढ्या वर्षांत त्यांनी किती मांडवांत धवले म्हटले, मी मोजले नाहीत. माझ्या नावावर पदव्या आहेत, भिंतीवर एक-दोन सन्मानपत्रंही आहेत. पण मी काय केलं असं कुणी विचारलं तर मला ती नऊ वर्षं दाखवावीशी वाटतात. खंत एक अशी, की ते शिक्षक माझ्याकडे मावशींच्या आधी आले; त्यांच्यावरून शिकले ते त्यांच्या कामी आलं नाही. आणि दुसरी अशी की धवले मी उतरवून घेतले नाहीत. मावशींनी घेऊ दिले नाहीत हे खरं, पण मी फार हट्टही केला नाही. सुनंदाला पुष्कळ येतात. सगळे येत नाहीत.

माघात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. हात धरून म्हणाल्या, “बाय, आता मिशरी दिली तर चालंल का?” मी हो म्हटलं. सुनंदा आणायला उठली, तर त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. सवय मोडलीय.” दोन दिवसांनी गेल्या. शेवटपर्यंत बोलत होत्या, सगळ्यांना नावानिशी हाक मारत होत्या, आणि उजव्या हातानं स्वतः पाणी पीत होत्या, असं सुनंदानं मला फोनवर सांगितलं. तिला वाटलं, डॉक्टरला हे सांगायला हवं.

वैशाखात विचुंब्याला त्यांच्या भावकीत लग्न होतं. सुनंदानं मला आग्रहानं बोलावलं. धवलारणीच्या पाटावर आता ती बसते. मी मागे बायकांत जागा बघून बसले. नवरीला न्हाणायला बसवलं तसं सुनंदानं मुठीत तांदूळ घेतले, खाडीच्या पाण्याची ती ओळ दिली आणि थांबली. मी उशीर केला नाही.